शिर सलामत, पण पुढे काय?

‘शिर सलामत तर पगडी पचास’ ही म्हण आपण मराठी माणसे सहज वापरतो. आमच्या हैदराबादेत तर ती दख्खनी बोलीतूनही कानावर पडते. अर्थ उघड आहे. जीव वाचला म्हणजे बाकीचे सारे पुन्हा मिळविता येते. परंतु ज्या सैनिकाच्या शिरातच गोळी किंवा बॉम्बची कपची शिरली आणि तरीही जो शस्त्रवैद्याच्या कौशल्याने वाचला, त्याच्या बाबतीत ही म्हण अपुरी पडते. शिर राहिले, पण त्यातील स्मृती, वाचा, विचारशक्ती यांपैकी काय राहिले? आणि जे राहिले नाही त्याचा भार कोणी उचलावयाचा?

मी वैद्यकाचा विद्यार्थी नाही. प्राणिशास्त्र हा माझा विषय. मज्जासंस्थेचा अभ्यास करताना या विषयाची गोडी लागली आणि वाचीत गेलो. त्या वाचनातून माझे जे मत बनले ते आरंभीच सांगून टाकतो. रणांगणावर मेंदूला झालेल्या जखमेवरील शस्त्रक्रियेचे यश शस्त्रक्रियागृहाच्या दारात मोजू नये. ते दहा वर्षांनी, त्या जखमीच्या घराच्या दारात मोजावे. आणि तसे मोजावयाचे ठरविले, तर त्या यशापयशाचे वाटेकरी केवळ डॉक्टर राहत नाहीत, तुम्ही-आम्हीही होतो.

प्रथम ही जखम कशी असते ते पाहू. कवटी ही एक बंद पेटी आहे. तिच्यात मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी एवढ्यांनाच जागा आहे. हाताला मार लागला तर हात सुजतो, कारण सुजायला त्याला वाव असतो. मेंदूला तो वाव नाही. वेगाने शिरलेली गोळी आपल्या मार्गातील भागच तेवढा फाडते असे नाही. तिच्या धक्क्याने आजूबाजूचा मेंदूही क्षणभर फाकतो आणि चिरडला जातो. तिच्याबरोबर हाडाचे तुकडे, केस, टोपीच्या चिंध्या आत जातात. मग रक्त साचते, सूज चढते, दाब वाढतो, आणि गोळीने न मारलेला मेंदू त्या दाबाने मरू लागतो. जखमीची शुद्ध किती हरपली आहे हे मोजण्यासाठी टीसडेल आणि जेनेट या ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये एक मापनपद्धती दिली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण. ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे इजा गंभीर. या लेखात ज्यांच्याविषयी बोलायचे आहे ते असे जखमी होत.

कवटी उघडण्याची कल्पना आपल्याला अगदी अपरिचित नाही. धारच्या भोजराजाची कवटी उघडून दोन वैद्यांनी त्याची शिरोवेदना दूर केल्याची कथा सोळाव्या शतकातील ‘भोजप्रबंधा’त आहे. ती कथा म्हणून गोड आहे. तिला इतिहास समजून छाती फुगविण्याचे कारण नाही. रणांगणावरील मेंदूच्या शस्त्रक्रियेचा खरा इतिहास पहिल्या महायुद्धापासून नीट सांगता येतो, आणि तो फुशारकीचा नाही, चिकाटीचा आहे.

१९१७ मध्ये हार्वे कुशिंग हा अमेरिकन सर्जन बेल्जियममधील ईप्र गावाजवळच्या आघाडीमागील इस्पितळात काम करीत होता. मेंदूत आरपार जखम झालेले निम्म्याहून अधिक सैनिक त्या वेळी शस्त्रक्रियेनंतरही दगावत. कुशिंगने एक शिस्त घालून दिली. शस्त्रक्रिया एकदाच आणि संपूर्ण करायची. डोके सगळे भादरायचे. जखमेच्या वाटेतील मेलेला मेंदू व हाडाचे तुकडे रबरी नळीने हळुवार शोषून काढायचे. लोखंडाची कपची चुंबकाने ओढून घ्यायची. आणि कातडी घट्ट शिवून टाकायची. तीन महिन्यांत त्याच्याकडील मृत्यूचे प्रमाण सुमारे ५५ टक्क्यांवरून सुमारे २९ टक्क्यांवर आले. प्रतिजैविके नव्हती, क्ष-किरण प्राथमिक अवस्थेत होते, आणि बाहेर पाऊस व चिखल होता. तरी हे घडले.

कुशिंगचाच एक शिष्य ह्यू केर्न्स. दुसऱ्या महायुद्धात त्याने निराळाच विचार केला. जखमी सर्जनकडे पोहोचेपर्यंत उशीर होतो ना? मग सर्जनच जखमीकडे का जाऊ नये? त्याने मोटारगाड्यांवर शस्त्रक्रियेची फिरती पथके उभारली आणि ती आघाडीच्या पाठोपाठ पाठविली. १९४३ मध्ये उत्तर आफ्रिकेत त्याने फ्लोरीबरोबर युद्धातील जखमांवर पेनिसिलीन वापरून पाहिले. जखम पिकून मरण्याचे भय त्यामुळे कितीतरी ओसरले.

पुढे विचार आणखी पालटले. पूर्वी मेंदूतील प्रत्येक तुकडा शोधून काढलाच पाहिजे असा दंडक होता. त्यासाठी सर्जन खोल शिरत, आणि त्या शोधातच चांगला मेंदू दुखावत असे. लेबनॉन आणि इराण-इराक येथील युद्धांच्या अनुभवानंतर, म्हणजे १९८० नंतरच्या काळात, खोलवर रुतलेला, त्रास न देणारा तुकडा तसाच राहू द्यावा हे मत बळावले. आपल्या लष्करातील सर्जनांनीही काश्मीरमधील जखमींचा वर्षानुवर्षे मागोवा घेऊन या प्रश्नावर लिहिले आहे. कोठे हात आवरायचा हे समजणे ही सर्जनची मोठी विद्या आहे, असे मला हे सारे वाचताना वाटले.

इराक आणि अफगाणिस्तानातील युद्धांत आणखी एका उपायावर भर आला. सूज चढण्याची वाट न पाहता कवटीचा मोठा तुकडा लगेच काढून ठेवायचा, म्हणजे मेंदूला सुजायला जागा मिळते. कल्पना जुनीच, स्वित्झर्लंडच्या कोखरने ती १९०१ मध्ये मांडली होती. काढलेले हाड काही ठिकाणी शीतपेटीत, तर काही ठिकाणी रोग्याच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेवतात आणि काही महिन्यांनी परत बसवितात. हाडाचा चुरा झाला असेल तर टायटॅनियमचा किंवा अन्य कृत्रिम पदार्थाचा तुकडा मापाने घडवून बसवितात.

येथपर्यंत वाचून कोणालाही वाटेल की विज्ञानाचा विजय झाला. मलाही वाटले होते. परंतु २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीचे आकडे पाहिले आणि विचारात पडलो. ही चाचणी युद्धातील जखमींची नव्हे. अपघातात डोक्याला मार लागलेल्या सामान्य माणसांची. वीस देशांतील चारशेहून अधिक रोगी तीत होते. मेंदूवरील दाब औषधांनी आटोक्यात येत नाही अशांपैकी काहींच्या कवटीचे हाड काढले, काहींवर औषधोपचारच चालू ठेवले. सहा महिन्यांनी पाहता शस्त्रक्रिया झालेल्यांत सुमारे २७ टक्के दगावले, न झालेल्यांत सुमारे ४९ टक्के. केवढा हा फरक! पण त्याच तक्त्यात आणखी एक ओळ आहे. केवळ श्वास चालू, जाणीव नाही, अशा अवस्थेत राहिलेले शस्त्रक्रियेच्या गटात साडेआठ टक्के, तर दुसऱ्या गटात दोन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शस्त्राने मृत्यूच्या दारातून जे परत आणले, त्यांतील काही चालतेबोलते घरी गेले, काही दुसऱ्याच्या आधाराने जगू लागले, आणि काही खाटेवरच राहिले.

मग शस्त्रक्रिया करूच नये काय? असे म्हणणारे भेटतात. ‘असे जगण्यापेक्षा मेलेले बरे’ हे वाक्य आपल्या समाजात फार सहज उच्चारले जाते. मला ते मान्य नाही. जखमी आला त्या रात्री कोण कसा सावरेल हे सर्जनला निश्चित सांगता येत नाही. अनुभवाने तो अंदाज करतो, आणि ज्याच्या मेंदूचे दोन्ही गोलार्ध मुळापासून उद्ध्वस्त झाले आहेत अशावर शस्त्र चालवायचे नाही हा निर्णयही त्यालाच घ्यावा लागतो. पण जेथे आशा आहे तेथे वाचविणे हाच धर्म. प्रश्न एवढाच की वाचविले ते कोणाच्या भरवशावर? ‘आम्ही पुढे पाहून घेऊ’ असे वचन समाजाने दिलेले असेल, तरच सर्जनच्या धाडसाला अर्थ आहे.

असे वचन पाळल्याची उदाहरणे जगात आहेत. त्यांतील एक तर महाविद्यालयाचेच आहे. १९४० ते १९४५ या काळात ऑक्सफर्डमधील सेंट ह्यूज हे विद्यार्थिनींचे महाविद्यालय केर्न्सच्या देखरेखीखाली डोक्याच्या जखमींचे इस्पितळ झाले. मुली अन्यत्र गेल्या, हिरवळीवर बरॅकी उभ्या राहिल्या, आणि तेरा हजारांहून अधिक सैनिकांवर तेथे उपचार झाले. त्याहून मोलाची गोष्ट ही की युद्ध संपल्यावर कागद बासनात बांधून ठेवले नाहीत. त्या जखमींना पुढे अनेक वर्षे पुन्हा पुन्हा बोलावून त्यांची स्मृती, वाचा, दृष्टी तपासली गेली. फ्रेडा न्यूकोम्ब या विदुषीचा या विषयावरील ग्रंथ १९६९ मध्ये निघाला, म्हणजे युद्धानंतर चोवीस वर्षांनी!

दुसरे उदाहरण सोव्हिएत रशियातील. झासेत्स्की नावाचा तरुण तंत्रशास्त्राचा विद्यार्थी होता, आपल्यासारखाच. मार्च १९४३ मध्ये स्मोलेन्स्कजवळ त्याच्या डोक्यात गोळी शिरली. तो वाचला, पण वाचता येईना, जगाचा उजवा भाग दिसेना, ‘वडिलांचा भाऊ’ आणि ‘भावाचे वडील’ यांतील फरक उमजेना. मानसशास्त्रज्ञ लुरिया यांनी जवळजवळ पाव शतक त्याची साथ सोडली नाही. अक्षर आठवून आठवून लिहिणे जमेना, तेव्हा हात न उचलता एका झटक्यात शब्द लिहून पाहा असे त्याला सुचविले गेले, आणि हाताला जे आठवत होते ते कागदावर उतरू लागले. स्वतःचे लिहिलेले त्याला धड वाचता येत नसे. तरी त्याने सुमारे तीन हजार पाने लिहिली. गोळी लागली त्या दिवशी त्याचा जीव ज्यांनी वाचविला त्यांचे श्रेय मोठे खरेच. पण त्या तीन हजार पानांचे श्रेय कोणाला द्यायचे?

आता आपल्याकडे पाहू. नोव्हेंबर २०१५ मध्ये काश्मीरच्या कुपवाडा भागात अतिरेक्यांशी लढताना साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक यांना वीरमरण आले. महाराष्ट्रात ते नाव ठाऊक नाही असा माणूस विरळा. त्याच महिन्यात, त्याच कुपवाड्यात, प्रादेशिक सेनेचे लेफ्टनंट कर्नल करणबीरसिंग नट्ट यांच्या चेहऱ्याला गोळी लागली. ते मेले नाहीत. बेशुद्धावस्थेत आठ वर्षे राहिले आणि डिसेंबर २०२३ मध्ये जालंदरच्या लष्करी इस्पितळात त्यांनी अखेरचा श्वास घेतला. लष्कराच्या डॉक्टरांनी व परिचारिकांनी त्यांना आठ वर्षे जपले; कुटुंबाने आठ वर्षे वाट पाहिली. आपल्यापैकी किती जणांनी हे नाव त्या आठ वर्षांत ऐकले होते? हुतात्म्याला आपण पुष्पचक्र वाहतो आणि ते योग्यच आहे. पण मरणाच्या आणि जगण्याच्या मधल्या ओसाड माळावर जो उभा आहे, त्याच्यासाठी आपल्यापाशी ना समारंभ आहे ना शब्द.

सांगली जिल्ह्यातील पेठचे मुरलीकांत पेटकर यांची गोष्ट याच्या उलट टोकाची. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, एक पाठीच्या कण्यात अडकली, आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. १९७१ च्या युद्धानंतर, १९७४ मध्ये, पुण्याजवळ खडकी येथे कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र निघाले. चाकाच्या खुर्चीत बसलेला सैनिक तेथे कारागिरी शिकतो, खेळतो, मानाने राहतो. कण्याच्या जखमीला समाजाने निदान ओळखले, कारण त्याची खुर्ची दिसते. मेंदूच्या जखमीची खुर्ची दिसत नाही. तो धडधाकट चालतो. पण शब्द विसरतो, एकाएकी संतापतो, पाच मिनिटांपूर्वी सांगितलेले त्याला आठवत नाही. बाहेरचे जग त्याला दारुडा म्हणते किंवा वेडा.

आमच्या गल्लीत असे एक निवृत्त सुभेदारकाका आहेत. उन्हाळ्यातही डोक्यावर लोकरीची टोपी, कारण एका बाजूची कवटी आत दबलेली आहे. सुलतान बाजारात एकदा ते भाजी घेत होते. त्यांना ‘पालक’ म्हणायचे होते आणि तोंडातून पुन्हा पुन्हा ‘पलंग’ येत होते. मागचे लोक हसले. काकांनी पिशवी तेथेच टाकली आणि ते घरी चालू लागले. मावशींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, नंतर मला एवढेच सांगितले, “बाळ, त्यांना सगळं कळतं रे. फक्त शब्द हाताशी येत नाही.” त्यांच्या डोक्यातील रक्त ज्याने काढले त्या सर्जनचे काम चोख झाले होते. बाजारातील आमचे काम झाले नव्हते.

कायद्याचीही गंमत पाहा. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा अपंगत्वाचे २१ प्रकार मोजतो. त्यात पार्किन्सनचा विकार आहे, आम्लहल्ल्यातील पीडित आहेत. पण अपघाताने वा युद्धाने झालेली मेंदूची इजा असा स्वतंत्र प्रकार नाही. जखमीची वाचा गेली असेल तर तो वाचादोषाच्या रकान्यात, हात गेला असेल तर अवयवदोषाच्या रकान्यात. आणि ज्याची केवळ स्मृती व विवेक डळमळला आहे त्याने कोणत्या रकान्यात बसावे? ज्याला नाव नाही त्याची दखल घेतली जात नाही, हा कचेऱ्यांचा नियम जुनाच आहे.

येथे कोणी म्हणेल, ‘सैनिकांची जबाबदारी सरकारची. त्यांना लष्करी इस्पितळे आहेत, अपंगत्वाचे निवृत्तिवेतन आहे. आमचा काय संबंध?’ आहे, संबंध आहे. आणि हैदराबादकरांचा तर थोडा अधिकच आहे. आमच्या कांचनबागेत क्षेपणास्त्रांच्या प्रयोगशाळा आहेत. तेथेच १९७३ मध्ये स्थापन झालेला मिश्र धातु निगम हा कारखाना आहे. तो चिलखताचे पत्रे करतो, टायटॅनियम करतो आणि शरीरात बसवावयाचे भागही करतो. डॉ. अब्दुल कलाम येथे क्षेपणास्त्रांचे काम करीत असताना निम्स इस्पितळातील एका अस्थिरोगतज्ज्ञाने त्यांना आपल्या मुलांच्या कक्षात नेले. पोलिओ झालेली मुले तीन किलोहून जड लोखंडी आधार पायांत ओढीत चालत होती. क्षेपणास्त्रासाठी बनविलेल्या हलक्या पदार्थातून कलामांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ३०० ग्रॅमचे आधार करून दिले. शस्त्र घडविणारे शहर जखमाही सांधू शकते हे या शहराने एकदा दाखविले आहे. ते पुन्हा का दाखवू नये?

दुसरा आक्षेप असा की देशात इतके अपघात होत असताना मूठभर सैनिकांचीच चिंता का? मी म्हणतो, सैनिकांची चिंता करा म्हणजे इतरांची आपोआप होईल. केर्न्सचेच पाहा. लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्यांचा अभ्यास करून त्याने शिरस्त्राणाचा आग्रह धरला आणि १९४१ मध्ये ब्रिटिश सैन्याने ते सक्तीचे केले. आज आपण हेल्मेट घालतो, किंवा पोलीस दिसेपर्यंत हँडलला अडकवून ठेवतो, ते त्याचेच ऋण. सैनिकासाठी उभारलेले वाचोपचाराचे, स्मृती-शिक्षणाचे केंद्र स्कूटरवरून पडलेल्या विद्यार्थ्यालाही तितकेच उपयोगी पडेल.

मग आपण काय करावे? सरकारला अर्ज करणे हे एक आहेच. अपंगत्वाच्या यादीत या इजेला स्वतःचे नाव मिळावे, आणि खडकीसारखा आधार मेंदूच्या जखमींनाही मिळावा. परंतु काही गोष्टी सरकारविना होण्याजोग्या आहेत. आमच्या महाविद्यालयात अंध विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो. विस्मृतीने गांजलेल्या, शिक्षण अर्धवट राहिलेल्या जवानाला आपल्या वर्गात बसू देण्यास काय हरकत आहे? परेडच्या दिवशी छात्रसेनेची मुले हुतात्म्यांना मानवंदना देतात; त्यांनीच आठवड्यातून एक तास एखाद्या जखमीला वर्तमानपत्र वाचून दाखविले, त्याच्याबरोबर बाजारहाट केला, तर त्याच्या पत्नीला तासभर तरी विसावा मिळेल. शब्द परत येतात ते बोलण्यातूनच, आणि बोलायला समोर धीराचे माणूस लागते.

बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात मराठी मुलगा आणि कन्नड मुलगा शेजारी शेजारी कवायत करतात, जसा या अंकात आपला मराठी विभाग आणि कन्नड विभाग शेजारी आहे. गोळी भाषा विचारीत नाही. पण जखमी परत आला की त्याला हरवलेला शब्द शोधावा लागतो तो मायबोलीतच. तो शोधून देण्याचे काम सर्जनच्या चाकूने होणार नाही. ते मराठी येणाऱ्याने आणि कन्नड येणाऱ्याने करावयाचे आहे, आणि त्याला पदवीची गरज नाही. मित्रहो, शिर सलामत ठेवण्याची विद्या शंभर वर्षांच्या कष्टाने माणसाने मिळविली. आता त्या शिराला पुन्हा पगडी शोभावी एवढे तरी आपण करू या.